घरच्या लीगचा संघ: आफ्रिकेत नियम, आपल्याकडे नाइलाज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय.

१४ ऑक्टोबर २०२५. ऑफिसमधून आलो, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि भारत-सिंगापूर मॅच लावली. मैदान मडगावचं फातोर्डा, म्हणजे घरचंच. छांगटेनं लांबून गोल मारला तेव्हा मी ओरडलोच. पण मध्यंतराआधी सिंगापूरनं बरोबरी केली, नंतर दुसरा गोल घातला आणि २०२७ च्या आशियाई कपचं दार आपल्यासाठी बंद झालं.

माझा रूममेट फक्त युरोपातलं फुटबॉल बघतो. त्यानं विचारलं, "आपल्या टीममधला एकही जण बाहेरच्या लीगमध्ये खेळत नाही?" मी म्हणालो, नाही. "मग म्हणूनच हरतो आपण!"

ऐकायला बरोबर वाटतं ना? पण २००६ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीचे सगळेच्या सगळे २३ खेळाडू इटालियन लीगमधले होते. २०२२ मध्ये मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ नं हरवणाऱ्या सौदी अरेबियाचे २६ च्या २६ जण सौदीतच खेळत होते. म्हणजे घरच्या लीगचा संघ असणं हा काही दोष नाही. खरा प्रश्न असा, की घरची ती लीग खेळाडूला काय देते?

हे नीट समजून घ्यायचं तर आफ्रिकेत जावं लागतं. तिथं चॅन नावाची एक स्पर्धा होती, आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप. २००९ मध्ये ती सुरू झाली. देशांचेच संघ खेळायचे, पण अट एकच: खेळाडू स्वतःच्या देशाच्या लीगमध्ये खेळणारा हवा. युरोपात खेळणाऱ्या स्टारला प्रवेश नव्हता. त्यामुळे एका देशाचे चक्क दोन संघ व्हायचे. घानाचा मुख्य संघ 'ब्लॅक स्टार्स', तर घरच्या खेळाडूंचा 'ब्लॅक गॅलक्सीज'.

हा खटाटोप कशासाठी? आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांच्या मुख्य संघात युरोपात खेळणाऱ्यांचीच गर्दी असते. घरच्या लीगमधला चांगला पोरगा बेंचपर्यंतही पोचत नाही. चॅनमध्ये त्याला देशाची जर्सी मिळायची आणि बाहेरच्या क्लबांची नजर त्याच्यावर पडायची.

मोरोक्कोच्या अयूब अल काबीचंच बघा. २०१८ च्या चॅनमध्ये तो घरच्या बर्कान क्लबचा खेळाडू होता. त्या एका स्पर्धेत त्यानं ९ गोल केले, मोरोक्को जिंकला आणि त्याच वर्षी तो वर्ल्ड कपला गेला. पुढे २०२४ मध्ये कॉन्फरन्स लीगच्या फायनलमध्ये ऑलिंपियाकोसला कप मिळवून देणारा गोल त्याचाच, तोही जादा वेळेत.

मोरोक्कोनं चॅन तीनदा जिंकलंय आणि २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनलही गाठलीय. तो वर्ल्ड कपचा संघ मुख्यतः युरोपात खेळणाऱ्यांचा होता. पण त्यातले अगेर्द, उनाही, एन-नेसिरी ही मुलं रबातजवळच्या मोहम्मद सहावे अकॅडमीत घडलेली. बाहेर पाठवायचे खेळाडूही आधी घरीच तयार करावे लागतात.

आता आपल्याकडे या. आपला संघ घरचा आहे तो कुठल्या नियमामुळे नाही. मोठ्या लीगमध्ये जाऊन टिकणारे खेळाडू आपल्याकडे तयार होत नाहीत, म्हणून तो तसा आहे. शिवाय घरच्या आयएसएलमध्ये क्लबला एका वेळी चार परदेशी खेळवता येतात. गोल करायची जागा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच जाते. परिणाम? २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, परत यावं लागलं.

आणि त्याच वर्षी लीगच थांबली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. पुढचं वेळेत ठरलं नाही, त्यामुळे आयएसएल नेहमीसारखी सप्टेंबरमध्ये सुरू झाली नाही. काही क्लबांनी पगार थांबवले, सरावही थांबवला. आमच्या कामात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात: अख्खं ॲप एकाच सर्व्हरवर चालतंय आणि तोच बंद पडला. सिंगापूरविरुद्ध उतरलेल्या आपल्या खेळाडूंच्या मागे त्या हंगामातला लीगचा एकही सामना नव्हता.

इटलीच्या खेळाडूंना दर आठवड्याला दर्जेदार सामने मिळत होते. सौदीचे बरेचसे खेळाडू एकाच अल-हिलाल क्लबमध्ये एकत्र खेळत होते. राष्ट्रीय संघ वर्षातून मोजके दिवस भेटतो, बाकी सगळं घडतं ते क्लबमध्ये. म्हणून रूममेटला मी शेवटी एवढंच सांगितलं: "खेळाडू घरचे आहेत म्हणून आपण हरलो नाही रे. घराचंच छप्पर गळतंय."

पुढच्या वेळी संघ हरला की आधी कोचला शिव्या घालू नका. लीग सुरू आहे का, आणि त्यात आपल्या स्ट्रायकरला किती मिनिटं मिळतात, ते बघा. आणि कोल्हापूरकर असाल तर शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच नक्की बघा. घरच्या फुटबॉलला गर्दी कशी होते, ते तिथं कळतं.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!