टॉवेल कोणी टाकायचा?

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी आमच्या घरी छोटी बैठक भरली होती. विषय होता माझ्या पुतणीच्या मुलीचा. वय एकोणीस. चार वर्षं बॉक्सिंग करते. पंधरा दिवसांपूर्वी सरावात तिच्या कानशिलावर एक ठोसा बसला. ती पडली नाही. क्षणभर गुडघ्यात वाकली आणि पुन्हा उभी राहिली. पण तेव्हापासून सकाळी डोकं दुखायचं, उजेड नकोसा व्हायचा, वाचताना ओळ सुटायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की, लक्षणं पूर्ण जाईपर्यंत रिंगमध्ये उतरायचं नाही. आणि राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली.

पुतणी म्हणाली, ‘‘बास झालं. हा खेळच बंद.’’ जावईबापूंचं म्हणणं वेगळं होतं. राज्यातलं पदक म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचं दार. तिथं चमकली तर रेल्वे, पोलीस, कुठंतरी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. चार वर्षांचा खुराक, भल्या पहाटेचं उठणं, सगळं पाण्यात घालायचं का? प्रशिक्षक म्हणत होते, तिनंच ठरवावं. आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘आजोबा, नुसतं डोकं दुखतंय. हात मोडलेला नाही ना माझा!’’

घरातला वडीलधारा म्हणून, शिवाय कादंबऱ्या लिहितो म्हणजे याला माणसांच्या मनातलं कळत असणार या गैरसमजापोटी, सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी लगेच काही बोललो नाही. तिचं ते वाक्य मनात घोळत राहिलं. हात मोडलेला नाही, नुसतं डोकं दुखतंय. जखमी योद्ध्यानं थांबावं की लढावं, हा प्रश्न जितका जुना तितकाच त्याचा हा घोटाळाही जुना असावा.

मला आठवला मनिलाचा सामना.

१ ऑक्टोबर १९७५. मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीतलं अरानेटा कोलिझियम. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना रात्री बघता यावं म्हणून सामना तिथं सकाळी ठेवलेला. तुडुंब गर्दी आणि भट्टीसारखा उकाडा. महंमद अली आणि जो फ्रेझियर तिसऱ्यांदा समोरासमोर आले होते. १९७१ साली न्यूयॉर्कला फ्रेझियर जिंकला होता, १९७४ साली अली. आता शेवटचा हिशेब. मी तेव्हा कॉलेजात होतो. आम्हा मुलांना अली म्हणजे अंगावर मूठभर मांस चढवणारा माणूस. त्याच्या विजयाची बातमी आम्ही वाचनालयात एकमेकांच्या खांद्यावरून वाचली आणि खूष झालो. त्या विजयाच्या पोटात काय होतं ते कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

पहिल्या काही फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझियरच्या. तो वाकून आत घुसायचा आणि अलीच्या बरगड्यांवर हातोडे घालावेत तसे ठोसे घालायचा. बाराव्या फेरीपासून पारडं फिरलं. फ्रेझियरचा चेहरा सुजत गेला. त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आधीपासूनच अधू होती, हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. आता चांगला असलेला उजवा डोळाही मिटत चालला. समोरून येणारा ठोसा दिसेनासा झाला. चौदावी फेरी संपली तेव्हा तो जवळजवळ आंधळा होऊन लढत होता. उरली होती एक फेरी. अवघी तीन मिनिटं.

रिंगच्या कोपऱ्यात प्रत्येक योद्ध्याची माणसं बसलेली असतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात ती त्याला पाणी देतात, जखम पुसतात, चार शब्द सांगतात. आपला माणूस आता लढू शकत नाही असं वाटलं तर सामना थांबवायचा अधिकारही त्यांचाच. पूर्वी त्याची खूण म्हणून रिंगमध्ये टॉवेल फेकत. फ्रेझियरच्या कोपऱ्यात होते एडी फच. साठी उलटलेला, हळू बोलणारा हा गुरू स्वतः तरुणपणी हौशी मुष्टियोद्धा होता. त्यांनी सामना थांबवला. फ्रेझियर विनवत राहिला, उठू लागला. फच यांनी त्याला पुन्हा बसवलं. आज तू इथं जे केलंस ते कुणी विसरणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते त्याच्या कानाशी बोलले आणि पंचांना खूण केली.

पलीकडच्या कोपऱ्यात अलीही संपत आला होता. त्यानं उभं राहून कसाबसा हात वर केला आणि थोड्याच वेळात तो खाली कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला. म्हणून अजूनही वाद घालणारे आहेत. फच आणखी एक मिनिट गप्प बसले असते तर? अली पंधराव्या फेरीला उठलाच नसता तर? असेल. पण फच यांच्यापुढे अली नव्हताच. त्यांच्यापुढे एक न दिसणारा माणूस होता आणि त्याला घरी बायकामुलं होती.

त्या दिवशी हरलेल्याला थांबवणारा कोणी होता. जिंकलेल्याला कोण थांबवणार? मनिलानंतर अली आणखी दहा सामने लढला. १९७७ साली अर्नी शेव्हर्सच्या भयंकर ठोशांपुढे तो पंधरा फेऱ्या टिकला आणि जिंकलाही. त्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल पडला. मूत्रपिंडं नीट काम करीत नव्हती. पाचेकोंनी अहवालाच्या प्रती अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला पाठवल्या. उत्तर आलं नाही. पाचेको त्याला सोडून गेले. १९८० साली, अडतिसाव्या वर्षी, निवृत्तीतून परतून अली लॅरी होम्ससमोर उभा राहिला. त्याआधी एका नामवंत रुग्णालयात त्याची तपासणी झाली होती. एका पायावर नीट उड्या मारता येत नाहीत, बोट अचूक नाकाला लागत नाही, अशा नोंदी त्यात होत्या. तरी परवाना मिळाला. पैसा मोठा होता, गर्दी मोठी होती आणि अलीला नाही म्हणणार कोण?

होम्स हा पूर्वी अलीचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्या तो आपल्या दैवताला मारत राहिला. अलीचे गुरू अँजेलो डंडी यांनी अखेर सामना थांबवला, तेव्हा अलीच्याच गोटातला एक सहकारी आणखी एका फेरीसाठी त्यांना धरून विनवत होता. सामना संपल्यावर जिंकलेला होम्स रडला. एवढं होऊनही डिसेंबर १९८१ मध्ये अली पुन्हा लढला आणि हरला. १९८४ साली त्याला पार्किन्सनची व्याधी असल्याचं निदान झालं, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. ती व्याधी ठोशांमुळेच झाली का, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण अटलांटाला १९९६ साली थरथरत्या हातानं ऑलिम्पिकची ज्योत पेटवणारा अली ज्यांनी पाहिला, त्यांच्या घशाशी काय दाटून आलं ते सांगायला डॉक्टर नको.

मग जखम झाली की थांबावं, हाच धडा का? तसंही नाही. विनेश फोगाटचं उदाहरण घ्या. २०१६ साली रिओला लढतीत तिचा गुडघा निकामी झाला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. ‘आता लग्न कर आणि घरी बस’ म्हणणारे आपल्याकडे कमी नसतात. दोन वर्षांनी जाकार्ताला तिनं एशियाडचं सुवर्ण जिंकलं. २०२३ साली दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि २०२४ साली पॅरिसला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला तोवर आंतरराष्ट्रीय लढतीत कुणी हरवलं नव्हतं. शंभर ग्रॅम वजनानं पुढं काय केलं ते सर्वांना ठाऊक आहे. पण २०१६ सालीच ती थांबली असती तर आपण काय गमावलं असतं? उलट आपले खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणणाऱ्या या पैलवानाची पुढच्या ऑलिम्पिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीनं अडवली. गुडघा कधी साथ देतो, कधी देत नाही. पण तो खोटं बोलत नाही. दुखतं तर दुखतं, पाऊल उचलत नाही तर उचलत नाही. त्याचं म्हणणं ऐकून शुद्धीवर असलेला माणूस स्वतःचा निर्णय घेऊ शकतो.

डोक्याचं तसं नसतं. कवटीत मेंदू म्हणजे घट्ट झाकणाच्या डब्यातलं दही. डबा शाबूत असतो, आतलं ढवळून निघतं. डोक्याला पट्टा बांधला तरी आतलं हलायचं ते हलतंच. पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा ठोसा बसला तर तो प्रसंगी प्राणावर बेततो, आणि कोवळ्या वयात हा धोका अधिक. सततच्या ठोशांनी मुष्टियोद्ध्यांची बुद्धी आणि चाल बिघडते, हे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरनं १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं. आणि खरी गोम पुढेच आहे. निर्णय ज्यानं घ्यायचा, नेमकी त्यालाच इजा झालेली असते. आरोपीनंच न्यायाधीश व्हावं, असा हा प्रकार.

नोकरीत मी हे निराळ्या रूपात पाहिलं आहे. एका शाखेत मी एका लहान कारखानदाराला कर्ज मंजूर केलं. माणूस उमदा, कष्टाळू. धंदा बसू लागला तेव्हा मी मर्यादा वाढवून दिली. मग पुन्हा वाढवून दिली. खातं बुडतंय हे शाखेतल्या शिपायालाही कळत होतं, मला कळत नव्हतं, कारण मंजुरीवर सही माझी होती. शेवटी बाहेरून आलेल्या तपासनिसानं एका दुपारी ते सांगितलं. मला त्याचा राग आला होता. १९९२-९३ पासून बँकांना थकीत खात्यांचे कडक नियम लागू झाले, तेव्हा आम्ही पुष्कळ कुरकुरलो. आता वाटतं, ते नियम आमच्यासारख्या, स्वतःच्या सहीवर जीव जडलेल्यांसाठीच होते. आजही हप्ता नव्वद दिवस थकला की खातं अनुत्पादक. साहेबाला काय वाटतं याला किंमत नाही.

त्या रविवारी मी एवढंच म्हणालो, ‘‘बॉक्सिंग सोडायचं की नाही, हे हिनंच ठरवायचं. आईनं नाही, बापानं नाही, मी तर नाहीच. पण डोकं दुखायचं थांबल्यावर. आणि या स्पर्धेत उतरायचं की नाही, हे मात्र हिनं ठरवायचं नाही. ते डॉक्टरांनी ठरवलेलं आहे.’’ प्रशिक्षकांना मी बाजूला घेऊन विचारलं, ‘‘उद्या रिंगमध्ये काही वेडंवाकडं वाटलं, तर टॉवेल कोण टाकणार?’’ ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘ती माझं तोंड बघणार नाही, साहेब.’’ मी म्हटलं, ‘‘म्हणूनच विचारतोय.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पर्धेसाठी तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव पाठवलं.

ती मुलगी उपान्त्य फेरीपर्यंत गेली. आमची त्या दिवशी खोलीचे पडदे ओढून पडून होती. आता डोकेदुखी गेली आहे. डॉक्टरांनी आधी चालायला, मग पळायला परवानगी दिली. परवापासून ती पुन्हा दोरीच्या उड्या मारू लागली आहे, असं पुतणीनं फोनवर सांगितलं. पुढं खेळणार का? ‘‘खेळणार म्हणते,’’ पुतणी म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, आणि थोडा अभिमानही.

माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही. मी फोन केला की ‘आईला देते’ म्हणते. दिवाळीला येतील सगळे, तेव्हा बघू.