पॉइंट नसलेला डोंगर

आमच्या हिमायतनगरला जुनी माणसं अजूनही वाढोणाच म्हणतात. श्री परमेश्वराचं गाव. इथून रेल्वे सहस्रकुंडावरून किनवटला जाते आणि किनवटहून एसटीनं माहूर गाठायचं. लहानपणापासून माहूर पाहिलं ते नवरात्रातच: रांग, दर्शन, खलबत्त्यात कुटलेल्या विड्याचा तांबूल आणि परतीची गाडी धरण्याची घाई. यंदा श्रावण सरताना मावशीबरोबर गेलो. गर्दी नव्हती, घाई नव्हती. डोंगर पायी फिरायचा असं ठरवूनच निघालो होतो.

डोंगरावरून खालचा मुलूख बघायला मुद्दाम जायचं, ही हौस आपल्याकडे साहेबानं आणली. माथेरान १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या नजरेत भरलं. महाबळेश्वरचं ऑर्थरसीट आर्थर मॅलेटच्या नावानं ओळखलं जातं. वऱ्हाडात चिखलदरा आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात राहिला आणि इथल्या डोंगरांवर साहेबाचे बंगले, पॉइंट, कठडे झाले नाहीत. म्हणून इथे बघण्याच्या जागा नाहीत असं थोडंच आहे! त्या देवांच्या नावावर आहेत. माणूस देवाला जातो आणि मुलूख वाटेत दिसतो.

माहूरला तीन शिखरं: रेणुका, दत्त आणि अनसूया. मधल्या दऱ्यांत सागाचं रान. उत्तरेला पैनगंगा वळण घेते आणि पल्याड यवतमाळ जिल्हा सुरू होतो. रेणुका साडेतीन पीठांपैकी पूर्ण पीठ. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, नुसतं मुख, तांदळा. परशुरामानं वेळेआधी पाहिलं आणि आई तेवढीच वर आली, असं सांगतात. म्हणून हे मातापूर. दत्तप्रभू दिवसभर कुठेकुठे संचार करतात आणि निजायला माहूरला येतात, ही श्रद्धाही जुनी आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांतले श्रीदत्तात्रेय प्रभू इथलेच, त्यामुळे देवदेवेश्वराच्या स्थानी महानुभावांचीही वर्दळ असते. सोनापीरचा दर्गाही याच परिसरात आहे. एवढ्या श्रद्धा एका डोंगराला बिलगून नांदतात. त्यांना जोडते ती पाऊलवाट.

राखी पौर्णिमेला इथे परिक्रमा असते. पावसानं निसरड्या झालेल्या वाटांवरून माणसं डोंगराला वळसा घालतात. मला विचाराल तर माहूरचा खरा नकाशा ही परिक्रमाच आहे. कुठे पाणी आहे, कुठे सावली आहे, कुठून दरी उघडते, हे त्या चालण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. पायथ्याची पांडवलेणी याच डोंगराच्या कातळात. राष्ट्रकूट काळातलं हे खोदकाम; दालनात पाऊल टाकताच बाहेरचा उकाडा मागे राहतो.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो रामगडावर. तटाला झाडं फुटली आहेत, हत्ती दरवाजा अजून भक्कम उभा आहे, आत इंजाळा तलाव. गोंडांचं राज्य इथे होतं. पुढे बहामनी राज्यात महमूद गावाननं वऱ्हाडचे दोन भाग केले, तेव्हा त्यातल्या एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर. पण तटावर उभं राहिल्यावर मला आठवली ती रायबागन. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही विधवा मोगलांच्या बाजूनं फौज घेऊन लढली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी ती कारतलबखानाबरोबर उंबरखिंडीत होती. शिवाजी महाराजांनी खिंडीची दोन्ही तोंडं बंद केली, तेव्हा शरण जाण्याचा सल्ला तिनं दिला. परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आहे, तिनं खानाला सुनावलेले बोलही आहेत. हे रान, या दऱ्या बघितल्यावर मला वाटतं, खानाला न कळलेली गोष्ट तिला का कळली ते इथेच समजतं. रानातली अरुंद वाट जशी नेते तशीच अडवते, हे तिला घरातूनच ठाऊक असणार.

आता गाड्या थेट वर जातात. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय झाली, ती व्हायलाच हवी होती. पण पायवाटांवर घाणेरी माजते आहे आणि दोन-तीन वळणांवर आम्हाला वाट शोधावी लागली. इथे लोखंडी कठडे आणि सेल्फीच्या चौकटी नकोत. परिक्रमेची वाट वर्षभर साफ राहावी, वाटेवर दगडी खुणा असाव्यात, गावातल्या गोंड, कोलाम, आंध, बंजारा पोरांना वाटाड्याचं काम मिळावं. खर्च फार नाही.

अनसूयेच्या चढावर मावशी एका सपाट खडकावर टेकली. तिचं वय पंच्याहत्तर. "आमी मायसंगं येऊ तवा इथंच भाकर खाऊ, बापू," ती म्हणाली आणि पदरानं खडक पुसला. समोर दत्तशिखर ढगात बुडत होतं. तिनं पिशवीतून ज्वारीची भाकर काढली, वर ठेचा ठेवला, आणि पहिला तुकडा मोडून खडकाच्या कडेला ठेवला.