'पोर्श' म्हणायचं कसं? गाड्यांची नावं आणि उच्चारांचं भांडण



सातवीच्या वर्गात 'माझे आवडते वाहन' या विषयावर मुलं दोन-दोन मिनिटं बोलत होती. एका मुलाने वर्तमानपत्रातलं कात्रण वहीत चिकटवून आणलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझी आवडती गाडी पोर्श." शेवटचा 'श' त्याने 'स्पर्श'मधल्या 'श'सारखा म्हटला. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "अरे, पोर्श् म्हणतात, पोर्श्!" वर्ग हसला. मीही दुरुस्ती केली, "हो बाळा, शेवटी 'अ' लावायचा नाही." तो खाली बसला. वहीत लिहून आणलेली बाकीची वाक्यं त्याने वाचलीच नाहीत.

घरी आल्यावर सहज शोधलं, तेव्हा कळलं की चूक त्याची नव्हती, माझी होती.

पोर्श हे फर्डिनांड पोर्श यांच्या घराण्याचं आडनाव. जर्मन भाषेत या शब्दाच्या शेवटी 'ई' हे अक्षर आहे आणि जर्मनमध्ये शेवटचा 'ई' गिळत नाहीत, त्याचा हलकासा 'अ' उच्चारतात. म्हणजे 'पोर्-श' असे दोन तुकडे. कंपनीही हाच उच्चार आपला मानते. इंग्रजी बोलणारे अनेक लोक शेवटचा 'ई' मुका समजतात आणि 'पोर्श्' म्हणतात. मराठीत मात्र शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आलं की त्यातला 'अ' आपण थोडा तरी उच्चारतोच. धर्म, वर्ग, स्पर्श हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. त्या मुलाने 'पोर्श' हा शब्द मराठी सवयीने वाचला आणि तो जर्मन उच्चाराच्या आमच्यापेक्षा जवळ पोहोचला. आम्ही सगळे इंग्रजी सवयीला 'शुद्ध' समजून त्याला हसलो.

गाडीवेड्यांचं भांडण नेमकं कशावर?

हा वाद आमच्या वर्गापुरता नाही. गाड्यांचे शौकीन जिथे जमतात तिथे इंजिन आणि मायलेजच्या खालोखाल नावाच्या उच्चारावरून जुंपते. नीट ऐकलं तर त्यात तीन बाजू दिसतात.

पहिली बाजू म्हणते, नाव ज्या भाषेतलं आहे, त्या भाषेत म्हणतात तसंच म्हणा. दुसरी म्हणते, आपल्याकडे चार लोक जे म्हणतात तेच बरोबर, समोरच्याला समजलं म्हणजे झालं. तिसरी म्हणते, कंपनी स्वतः जाहिरातीत काय म्हणते ते ऐका, नाव तिचं आहे. तिन्ही बाजूंकडे थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच वाद संपत नाही.

मूळ उच्चार बघायचा तर

आधी पहिल्या बाजूचं ऐकू. इथे शिकण्यासारखं खूप आहे, कारण प्रत्येक भाषेने तीच रोमन अक्षरं आपापल्या पद्धतीने वापरली आहेत.

जर्मनमध्ये 'व्ही' हे अक्षर बहुधा 'फ'सारखं आणि 'डब्ल्यू' हे 'व'सारखं उच्चारतात. त्यामुळे 'लोकांची गाडी' या अर्थाचं नाव तिथे 'फॉल्क्सवागन' होतं. आपण 'फोक्सवॅगन' म्हणतो, म्हणजे सुरुवातीचा 'फ' जर्मन आणि मधला 'वॅ' इंग्रजी. पुण्याजवळ चाकणला २००९ पासून या कंपनीचा कारखाना आहे, त्यामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. बीएमडब्ल्यूला जर्मन माणूस 'बे-एम-वे' म्हणतो.

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची अक्षरं बऱ्याचदा मुकी असतात. म्हणून लुई रेनो यांच्या आडनावातले शेवटचे 'एल' आणि 'टी' लिहायचे, पण बोलायचे नाहीत. २००७ साली महिंद्रा आणि रेनोची लोगान गाडी नाशिकला तयार होऊ लागली. 'रेनॉल्ट' असा उच्चार आजही कानावर येतो, आणि येणारच, कारण दिसेल ते अक्षर वाचायचं हे आपणच मुलांना शिकवलेलं असतं. कल्याणजवळ १९९०च्या दशकात बनणाऱ्या प्यूझो गाडीच्या नावातही शेवटचा 'टी' असाच मुका आहे.

इटालियनमध्ये 'जी' या अक्षरापुढे 'आय' आला की उच्चार 'ज' होतो. तो 'ग'च राहावा म्हणून मध्ये 'एच' घालतात. लॅम्बोर्गिनीतला 'एच' हेच काम करतो, त्यामुळे 'लॅम्बोर्जिनी' म्हणणाऱ्याला शौकीन लगेच अडवतात. पण याच कंपनीने काही मॉडेलांना स्पॅनिश नावं दिली. 'उराकान' लिहिताना सुरुवातीला 'एच' येतो, पण स्पॅनिशमध्ये तो मुका. 'गायार्दो'मध्ये दोन 'एल' लिहितात आणि उच्चार 'य'च्या जवळ जातो. म्हणजे एकाच गाडीच्या पाठीवर आडनाव इटालियन आणि नाव स्पॅनिश!

चेक भाषेत 'एस'वर छोटी खूण असली की तो 'श' होतो. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जिचा कारखाना आहे ती 'स्कोडा' तिच्या मायदेशी 'श्कोडा' असते. खूण पुसली गेली आणि 'श'चा 'स' झाला. आपल्या लिपीत एक मात्रा राहिली तर शब्द बदलतो, हे मुलांना समजावताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

पण 'मूळ' म्हणजे कुठपर्यंत मागे जायचं?

इथे पहिल्या बाजूची अडचण सुरू होते. जॅग्वारचं घ्या. ही इंग्लंडची कंपनी २००८ साली आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतली. ब्रिटिश लोक 'जॅग्युअर' म्हणतात, अमेरिकन लोक 'जॅग्वार'. शौकीन म्हणतात, ब्रिटिश गाडी, ब्रिटिश उच्चार. पण शब्द ब्रिटिश आहेच कुठे? तो दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे युरोपात गेलेला. मूळच शोधायचं तर ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत जावं लागेल!

मर्सिडीजचंही तसंच. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव मर्सिडीज. त्या नावाने गाडी निघाली १९०१च्या सुमारास. नाव स्पॅनिश, गाडी जर्मन. जर्मन लोक ते 'मेर्त्सेडस' असं काहीतरी म्हणतात. यातला 'त्स' आपल्याला परका नाही. 'चहा'तला 'च' आणि 'चाक'मधला 'च' वेगळा असतो ना? 'चाक'मधला 'च' म्हणजेच हा 'त्स'. इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला तो जड जातो, मराठी मुलाला तो आईच्या भाषेतून फुकट मिळालेला असतो.

सित्रोएनची गोष्ट तर मजेशीर आहे. आंद्रे सित्रोएन यांचे पूर्वज नेदरलँड्समध्ये लिंबं विकत. डच भाषेत 'सित्रून' म्हणजे लिंबू. कुटुंब पॅरिसला आल्यावर नावातल्या 'ई'वर दोन टिंबं चढली. 'ओ' आणि 'ई' सुटे वाचा, असं ती टिंबं सांगतात. गाव बदललं आणि नावाचा उच्चारही बदलला, तोही खुद्द घरच्यांनी.

कंपनी म्हणेल तेच खरं?

आता तिसरी बाजू. कंपनीचं ऐकावं, हे बरोबर, पण कंपनीही एकच एक सांगत नाही. ह्युंदाई हा कोरियन शब्द, अर्थ 'आधुनिक काळ'. कोरियात तो साधारण 'ह्यन-दे' असा ऐकू येतो. अमेरिकेत कंपनीनेच 'संडे'शी यमक जुळवून नाव शिकवलं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं 'हाय-उन-डाय' चाललं आणि मग २०२३ साली कंपनीने जाहिरात करून लोकांना मूळ उच्चाराकडे वळायला सांगितलं. आपण 'ह्युंदाई' किंवा 'हुंडाई' म्हणतो. उच्चार कोणताही असो, गाडी मात्र तीच मिळते.

टोयोटाने तर नावच बदललं. संस्थापक घराणं 'तोयोदा'. १९३६ साली गाडीसाठी 'तोयोता' हे रूप निवडलं. त्याचं एक कारण असं सांगतात की जपानी लिपीत ते लिहायला आठ रेघा लागतात आणि आठ हा आकडा तिथे शुभ मानतात. आणि हो, जपानी 'त' हा आपल्या 'त'सारखाच आहे. 'टोयोटा'मधला 'ट' इंग्रजीमार्गे आला.

आपली भाषाही हेच करत आली

दुसऱ्या बाजूला म्हणजे 'चार लोक म्हणतात ते' या मताला हसण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात बघू या. पाव, बटाटा, अननस, चावी, पगार हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीज माणूस 'पाव' वेगळा, नाकातून म्हणतो. म्हणून वडापाव मागणाऱ्याला आपण कधी दुरुस्त करतो का? परका शब्द आपल्या तोंडात बसताना थोडा घासला जातो. तो शब्द आपला झाल्याची ती खूण असते. हॉस्पिटलचं इस्पितळ झालं ते अडाणीपणामुळे नाही.

मग 'पाव' चालतो आणि 'स्कोडा' म्हणणाऱ्याला हसतात, असं का? खरं सांगायचं तर महागड्या गाडीचं नाव 'बरोबर' म्हणणं ही पुष्कळदा ज्ञानापेक्षा ऐपतीची खूण असते. "मला माहीत आहे, तुला नाही" हे त्यातून सांगायचं असतं. आणि गंमत म्हणजे, असा 'बरोबर' उच्चार बऱ्याचदा मूळ भाषेतला नसतोच, तो इंग्रजी उच्चार असतो. आमच्या वर्गात नेमकं तेच झालं.

मग काहीही म्हटलेलं चालेल?

नाही. एक फरक मुलांना जरूर सांगावा. ब्रँड ही वस्तू आहे, माणूस नाही. माणसाच्या नावाचा उच्चार त्या माणसाला विचारूनच करायचा. आपल्याकडच्या 'ळ'चा बाहेर गेल्यावर 'ल' होतो, टिळकांचं 'तिलक' होतं, तेव्हा आपल्याला खटकतंच ना? मग वर्गात दुसऱ्या राज्यातून आलेलं मूल असेल तर त्याचं नाव त्याच्या घरी जसं म्हणतात तसं म्हणायला आपण शिकलं पाहिजे. दोन-तीनदा चुकलं तरी हरकत नाही, प्रयत्न दिसला पाहिजे. गाडीच्या नावाबाबत मात्र एवढं पुरे: समोरच्याला कळावं आणि कुतूहल असेल तर मूळ उच्चार शोधावा.

वर्गात आणि घरी करून बघा

१. मुलांना रस्त्यावर दिसलेल्या पाच गाड्यांची नावं देवनागरीत लिहून आणायला सांगा. एकाच नावाची तीन-चार रूपं येतील. ती सगळी फळ्यावर लिहा, कोणतंही खोडू नका.

२. प्रत्येक नावापुढे देश आणि भाषा लिहा. नकाशावर जागा शोधा. भूगोलही होतो.

३. 'चाक–चहा', 'जग' (दुनिया) आणि 'जग' (पाण्याचा) असे शब्द म्हणून घ्या. एकाच अक्षराचे दोन उच्चार आपल्याही भाषेत आहेत, हे मुलांच्या लक्षात आलं की परक्या भाषेला ती 'विचित्र' म्हणत नाहीत.

४. 'चूक' हा शब्द त्या तासापुरता बंद. त्याऐवजी विचारा, "हा उच्चार कुठे करतात?"

५. पालकहो, मुलाने घरी एखादं नाव वेगळं म्हटलं तर पाहुण्यांसमोर दुरुस्त करू नका. नंतर दोघं मिळून शोधा. तेच बरोबर निघण्याचीही शक्यता असते, हे मी अनुभवाने सांगते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्यावर एकाखाली एक दोन शब्द लिहिले: स्पर्श, पोर्श. सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावले. मग सांगितलं की काल मी चुकीची दुरुस्ती केली होती, जर्मनीत जवळपास असंच म्हणतात. मागच्या बाकावरचा म्हणाला, "म्हणजे तो बरोबर होता?" मी म्हटलं, "हो. आणि तू म्हणालास तसंही जगात पुष्कळ लोक म्हणतात." तिसरं नाव फळ्यावर लिहिलं, ऑडी. जर्मन त्याला 'आउडी' म्हणतात. संस्थापक ऑगस्ट होर्श यांच्या आडनावाचा जर्मनमध्ये अर्थ होतो 'ऐक', आणि ऑडी हा त्याचाच लॅटिन अनुवाद.

मग कात्रणवाल्या मुलाला म्हटलं, "काल तुझं बोलणं अर्धं राहिलं होतं. आज पूर्ण कर, आम्ही ऐकतो." त्याने वही उघडली आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.