मत्स्यालयातील यकृतका
यकृतका या मॉसच्या नात्यातील वनस्पती होत. काहींचा आकार यकृतासारखा भासल्याने हे नाव पडले. त्यांना खरी मुळे नसतात व फुलेही येत नाहीत. अनेक जाती ओलसर दगडमातीवर वाढतात. रिक्सिया फ्लुइटन्स ही जाती मात्र संथ गोड्या पाण्यात पृष्ठभागालगत तरंगते. सुमारे १ मिलिमीटर रुंदीच्या, पुनःपुन्हा दुभंगणाऱ्या हिरव्या फितींचे ते जाळे असते. नवजात माशांना त्यात आसरा मिळतो.

तिला मत्स्यालयाच्या तळाशी वाढविण्याची रीत जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी लोकप्रिय केली. दगडावर तिचा पातळ थर पसरून तो बारीक दोऱ्याने बांधतात. प्रखर प्रकाश आणि पुरेसा कार्बन डायऑक्साइड मिळाला, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात निघणारा ऑक्सिजन आधीच संपृक्त झालेल्या पाण्यात विरघळेनासा होतो व त्याचे बुडबुडे फितींच्या टोकांशी अडकून राहतात. गवतावर दव पडावे तसे ते दृश्य असते.

परंतु ही शोभा वनस्पतीच्या स्वभावाविरुद्ध मिळविलेली आहे. आधाराला धरून ठेवणारे तंतू तिला चिखलावर वाढताना फुटतात, पाण्यात नव्हे. बांधलेला थर जाड झाला की खालच्या फितींना प्रकाश मिळत नाही; त्या कुजतात, आणि एके दिवशी सारी गादी सुटून वर येते. म्हणून थर दाट होण्यापूर्वीच कात्रीने छाटावा. सुटे तुकडे जाळीने तत्काळ गोळा करावेत, कारण प्रत्येक तुकड्यापासून नवी वनस्पती वाढते.