चाचणीसाठी साधा मेल सर्व्हर : भाषा-अध्यापकाच्या दृष्टीतून

प्रस्तावना

निकाल, हजेरीच्या सूचना, प्रवेशाची पत्रे ही महाविद्यालयीन कामे आज मोठ्या प्रमाणावर ई-मेलने होतात. त्यासाठी वापरली जाणारी आज्ञावली प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही, आणि धोका नेमका इथेच असतो. माझ्या परिचयाच्या एका संस्थेत नवी आज्ञावली तपासताना ‘आपला पाल्य अनुत्तीर्ण झाला आहे’ हा नमुन्याचा मजकूर खऱ्या पालकांच्या पत्त्यांवर गेला. दुसऱ्या दिवशी खुलासा पाठवला गेला. परंतु त्या रात्री काही घरांत जे घडायचे ते घडून गेले होते. विद्यार्थ्याचा निकाल ही आपल्याकडे असलेली अमानत आहे. ती हाताळणारे साधन आधी बंद खोलीत तपासले पाहिजे. अशी बंद खोली म्हणजे चाचणीचा मेल सर्व्हर. तो कसा काम करतो, आणि मराठी व उर्दू मजकुराच्या दृष्टीने त्यात काय पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सर्व्हर म्हणजे संवाद

ई-मेल पाठवण्याचा नियम ‘एसएमटीपी’ या नावाने ओळखला जातो. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये त्याचा मसुदा लिहिला. हा नियम म्हणजे दोन यंत्रांमधला साध्या शब्दांतला संवाद आहे. जोडणी होताच सर्व्हर ‘२२०’ म्हणतो, म्हणजे ‘मी हजर आहे’. पाठवणारा ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो. पुढे ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने पाठवणाऱ्याचा आणि ‘आरसीपीटी टू’ या आज्ञेने घेणाऱ्याचा पत्ता सांगितला जातो. प्रत्येक वेळी ‘२५०’, म्हणजे ‘मान्य’, असे उत्तर येते. ‘डेटा’ म्हटल्यावर सर्व्हर ‘३५४’ म्हणून मजकूर मागतो. एका ओळीवर केवळ एक पूर्णविराम आला की पत्र संपले असे समजले जाते. शेवटी ‘क्विट’ आणि ‘२२१’.

इथे एक भेद विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. संवादात सांगितलेला पत्ता हा लिफाफ्यावरचा पत्ता होय. पत्राच्या आत दिसणारे ‘प्रति’ हा मायना होय. उर्दू पत्रलेखनात ज्याला अल्काब म्हणतात, त्याच जातीचा. सर्व्हर लिफाफा पाहतो, मायना पाहत नाही. त्यामुळे मायन्यात एक नाव आणि लिफाफ्यावर दुसरे, असे होऊ शकते. चाचणीत दोन्ही तपासावेत.

मजकूर घेतल्यानंतरच्या ‘२५०’ या उत्तरालाही वजन आहे. खरा सर्व्हर त्याद्वारे पत्र पोहोचवण्याची, अथवा न पोहोचल्यास कळवण्याची, जबाबदारी स्वीकारतो. चाचणीचा सर्व्हर हेच उत्तर देतो, मात्र पत्र पुढे पाठवत नाही. स्वतःकडे ठेवून आपल्याला दाखवतो. त्याचा सारा उपयोग यातच आहे.

उभारणीची कृती

पायथन भाषेत पूर्वी ‘एसएमटीपीडी’ हे मॉड्यूल अंगभूत होते. २०२३ मधील ३.१२ या आवृत्तीपासून ते काढून टाकण्यात आले. त्याऐवजी ‘एआयओएसएमटीपीडी’ हे मोफत मॉड्यूल वेगळे बसवून घ्यावे. ते ‘एन’ या पर्यायासह चालवले की आपल्याच संगणकावर ८०२५ क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर उभा राहतो आणि आलेले प्रत्येक पत्र पडद्यावर छापतो. नेहमीचे पोर्ट २५ असते. परंतु लिनक्ससारख्या प्रणालींत १०२४ च्या खालील पोर्टसाठी सहसा प्रशासकाचे अधिकार लागतात, म्हणून वरचा क्रमांक सोयीचा.

त्यानंतर आज्ञावलीत सर्व्हरचा पत्ता म्हणून १२७.०.०.१, म्हणजे ‘हाच संगणक’, आणि पोर्ट म्हणून ८०२५ लिहावे. हे लिहायचे राहून गेले तर आज्ञावली जुन्या खऱ्या सर्व्हरकडेच पत्रे पाठवील. म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी इंटरनेटची जोडणी काढून ठेवणे उत्तम. नमुन्याचे पत्तेही खरे नसावेत. १९९९ पासून ‘टेस्ट’ हा नावाचा शेवट अशा कामासाठी राखून ठेवलेला आहे. तो कोणालाही विकला जात नाही.

मराठी आणि उर्दूची कसोटी

मूळ नियम केवळ सात बिटांच्या, म्हणजे मुख्यतः इंग्रजी, अक्षरचिन्हांसाठी होता. १९९२ मध्ये आलेल्या ‘माइम’ या पद्धतीने इतर लिप्यांना वाट मिळाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर उर्दूचे अक्षर दोन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. अलिफ, रे, दाल, वाव यांनी लिहिलेला ‘उर्दू’ हा शब्द ८ बाइटांचा. प्रवासासाठी त्यांचे ‘बेस-६४’ रूप केले की अनुक्रमे २० आणि १२ रोमन चिन्हे होतात. सर्व्हरच्या पडद्यावर ही चिन्हे दिसली म्हणजे पत्र बिघडले असे नव्हे. ते उलगडून वाचावे लागते. ‘मेलपिट’ हे मोफत साधन तेच पत्र ब्राउझरमध्ये उलगडून दाखवते.

पुढील बाबी विशेष पाहाव्यात : विषयाची ओळ जोडाक्षरे न तुटता उमटते काय, उर्दू मजकूर उजवीकडून सुरू होतो काय, त्यातील हजेरी क्रमांक योग्य जागी राहतो काय. पूर्णविरामाची गंमतही ध्यानात घ्यावी. मराठीने इंग्रजीचाच टिंब स्वीकारला आहे, तर उर्दूचा पूर्णविराम हे वेगळे चिन्ह आहे. त्यामुळे ओळीवर एकटा टिंब असलेला मराठी परिच्छेद पाठवून पाहावा. चांगली आज्ञावली तिथे आणखी एक टिंब आपणहून जोडते. कच्ची आज्ञावली पत्र तिथेच तोडते.

पत्ताच देवनागरीत असेल तर २०१२ चा ‘एसएमटीपीयूटीएफ-८’ हा विस्तार लागतो. आपल्या मॉड्यूलमध्ये तो ‘यू’ या पर्यायाने सुरू होतो. ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून उपलब्ध आहे, आणि २०१७ मध्ये राजस्थान शासनाने नागरिकांना हिंदी पत्ते देण्यास आरंभ केला. असे पत्ते आपल्या अर्जांतही येतील, हे गृहीत धरावे.

मर्यादा आणि समारोप

पत्र घेणाऱ्याच्या स्पॅममध्ये जाईल काय, खरा सर्व्हर ओळख पटवून घेईल काय, हे या सर्व्हरवर कळत नाही. त्याची कसोटी नंतर स्वतःच्याच एका खऱ्या पत्त्यावर घ्यावी.

बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. त्यात मराठी आणि उर्दू शेजारी-शेजारी आहेत. कारभाराचा शब्द प्रत्येक प्रजाजनाला त्याच्या भाषेत कळावा, ही त्यामागील दृष्टी होती. तेच काम आज आपल्या संगणकांकडे आले आहे. ते केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. तुटलेले जोडाक्षर किंवा उलटलेली उर्दू ओळ प्रथम भाषेच्या अध्यापकालाच दिसते. तेव्हा पुढील निकालपत्रे रवाना होण्यापूर्वी संगणक विभागाच्या सहकाऱ्यासोबत एक तास बसावे, आणि आपल्या दोन्ही भाषांतील एकेक पत्र या बंद खोलीत पाठवून वाचून पाहावे.