व्हिडिओ गेममधील संगीत मुलांना काय सांगते?



संगीत खुर्चीचा खेळ आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घेतला आहे. गाणे चालू असताना मुले खुर्च्यांभोवती फिरतात, गाणे थांबले की खुर्ची पकडतात. आता हाच खेळ गाण्याशिवाय, नुसत्या शिट्टीवर घेऊन बघा. नियम तेच, खुर्च्याही त्याच. पण मुलांच्या पावलांतली ती धाकधूक निम्मी होते. संगीत खेळाला काय देते, हे कळायला एवढे उदाहरण पुरे आहे.

मूल मोबाईलवर गेम खेळत असते तेव्हा मात्र ते संगीत आपल्याला नुसती कटकट वाटते. "आधी तो आवाज बंद कर!" हे वाक्य घराघरात ऐकू येते. पण तो आवाज मुलाशी काहीतरी बोलत असतो, बरं का! तो काय बोलतो हे कळले, तर मूल हाक मारूनही का उठत नाही हेही थोडे कळते.

चार सुरांची धडधड

1978 मध्ये जपानच्या तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आला. तो तोमोहिरो निशिकाडो यांनी तयार केला. पडद्यावर 11-11 च्या 5 रांगांत 55 परग्रहवासी असतात आणि ते हळूहळू खाली सरकत येतात. संगीत म्हणाल तर खर्जातले फक्त चार उतरते सूर, तेच पुन्हा पुन्हा. शत्रू कमी होत जातात तसे उरलेले अधिक वेगाने सरकतात, कारण त्या काळच्या यंत्राला थोडीच चित्रे हलवायची असली की काम लवकर उरकायचे. शत्रूंबरोबर ते चार सूरही जलद होत जातात.

आरतीच्या शेवटी लय चढू लागली की आपल्या टाळ्या आपोआप जलद पडतात ना? तसेच इथेही होते. खेळणाऱ्याला कोणी "घाई कर" म्हणत नाही. सूरच त्याला घाई करायला लावतात.

मारिओ : कान हेच घड्याळ

1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आजच्या कितीतरी पालकांनी लहानपणी खेळलेला असेल. त्याचे संगीत कोजी कोंडो यांचे. त्यांच्या हाताशी साधन किती होते? सूर वाजवायला एकावेळी जेमतेम तीन आवाज आणि ताल धरायला एक खरखराट! अख्खा खेळ सुमारे 40 किलोबाइटमध्ये मावत होता. आज मोबाईलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

एवढ्यात त्यांनी काय साधले पाहा. जमिनीवर धावताना उड्या मारणारी चाल, भुयारात दबकी आणि तुटक, तर पाण्याखाली तीन-तीन मात्रांची झुलती लय, जवळजवळ आपल्या दादऱ्यासारखी. उरलेला वेळ 100 च्या खाली गेला की इशाऱ्याचे सूर वाजतात आणि तीच चाल एकदम जलद होते. मुलाला घड्याळाकडे बघावेच लागत नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ही धून घेतली. तिथे पोहोचलेले हे गेममधले पहिलेच संगीत.

सिनेमा आणि गेम यांत फरक काय?

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती मिनिटांचा आहे हे आधीच माहीत असते. गेममध्ये तसे नसते. एक मूल दरवाजा दहा सेकंदांत उघडेल, दुसरे तिथेच दहा मिनिटे घुटमळेल. मग संगीत बांधायचे कसे?

यावर 1991 च्या 'मंकी आयलंड 2' या खेळात एक सुंदर उपाय दिसतो. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी रचना केली की, खेळणारा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला की संगीत मध्येच तुटत नाही. योग्य जागा पाहून ते पुढच्या चालीत मिसळते. एखादा चांगला तबलजी गायकाकडे बघत साथ करतो, तशी ही साथ असते.

1998 च्या 'झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तर मुलालाच वाद्य वाजवावे लागते. बटणांवर पाच सूर दिलेले असतात. एक धून वाजवली की पाऊस पडतो, दुसरी वाजवली की दिवसाची रात्र होते. सूर लक्षात ठेवल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही.

मग मूल उठत का नाही?

गाणे संपते, तसे गेमचे संगीत सहसा संपत नाही. त्याचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला जोडलेले असते. आपल्या गाण्यात सम येते, गायक तिथे टेकतो, ऐकणाराही मान हलवून श्वास घेतो. या संगीतात अशी उसंत मुद्दामच कमी ठेवलेली असते. त्यामुळे मधूनच "उठ!" म्हटले की मूल चिडते. हा प्रत्येक वेळी हट्टच असतो असे नाही.

पण बऱ्याच गेममध्ये लेव्हल संपल्यावर विजयाची छोटी धून वाजते. ती त्या खेळाची सम समजा. "आत्ताच्या आत्ता बंद कर" ऐवजी "ही लेव्हल संपल्याची धून वाजली की थांबायचं" असे आधीच ठरवून घ्या. मात्र काही गेम धून संपायच्या आत पुढची लेव्हल सुरू करतात. असे गेम कोणते, हे मुलाशेजारी पाच मिनिटे बसून, कान देऊन तपासा.

वर्गात काय करता येईल?

1. एकच साधा गेम आधी आवाज बंद ठेवून आणि मग आवाज चालू ठेवून खेळायला द्या. काय फरक वाटला, ते मुलांना पाच ओळींत लिहू द्या.

2. पडदा न दाखवता फक्त धून ऐकवा. "इथे काय चालले असेल? धोका, शोध की विजय?" असे विचारा आणि "कशावरून?" हे जरूर विचारा.

3. लंगडीच्या डावाला मुलांनाच संगीत करू द्या. बाक, डबा, टाळ्या, काहीही चालेल. शेवटचे दोन गडी उरले की ठेका कसा बदलायचा, हे त्यांनीच ठरवावे.

तिसरा उपक्रम आधी घ्या. त्याला मोबाईल लागत नाही, आणि डबा वाजवणारे मूल लंगडी घालणाऱ्याकडे किती टक लावून बघते, हे पाहण्यासारखे असते.