ईसीजी नॉर्मल, तरी बोगद्याची धास्ती

‘डॉक्टर, तुम्ही म्हणता काही नाही. मग मी त्या दिवशी मरता मरता वाचलो, ते काय होतं?’

चाळिशीच्या आतबाहेरचा हा गृहस्थ नोकरीसाठी आठवड्यातून दोनदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने गाडी चालवतो. भाताण बोगद्यात त्याची छाती एकाएकी धडधडू लागली. श्वास अपुरा पडू लागला, बोटांना मुंग्या आल्या, आता शुद्ध हरपणार असं वाटलं. त्याच रात्री ईसीजी, रक्ततपासणी झाली, पुढे टूडी इकोही. सगळं व्यवस्थित. घरी सोडताना कुणीतरी सांगितलं, ‘टेन्शन घेऊ नका.’ आम्ही डॉक्टर मंडळी हे वाक्य फार सहज फेकतो.

त्याला आला तो पॅनिक अटॅक. धोका नसताना शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, हृदय धावू लागतं, श्वास जलद होतो. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. म्हणजे हवा कमी पडल्यासारखी वाटते तेव्हा प्रत्यक्षात आपण ती जास्त ओढत असतो. भोवळ येईलसं वाटलं तरी माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, कारण रक्तदाब उतरत नाही, उलट थोडा चढलेलाच असतो. साधारण दहा मिनिटांत लाट शिगेला पोहोचते आणि मग ओसरते.

मात्र पहिल्याच वेळी हे निदान स्वतःचं स्वतः करू नये. छातीत दुखत असेल, दडपण येत असेल, तर गाडी थांबवून 108 ला फोन करावा. थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह्यांमध्ये उतरलेली साखर, हृदयाची अनियमित लय यांतही असंच होऊ शकतं. खरोखर शुद्ध हरपली असेल, तर तपासणी होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये.

हृदयाचा प्रश्न निकाली निघाल्यावरही लाट रस्त्यात आली, तर? करकचून ब्रेक मारायचा नाही. वेग हळूहळू कमी करून डाव्या लेनमध्ये यायचं आणि पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा फूड मॉलला थांबायचं. द्रुतगती मार्गाच्या कडेला उभं राहणं हे पॅनिकपेक्षा कितीतरी धोक्याचं. बोगद्यात तर थांबायचंच नाही. एक किलोमीटरचा बोगदा ताशी 80 च्या वेगाने पाऊण मिनिटात संपतो. तेवढ्यात खोल श्वास घेण्याची धडपड नको, बाहेर सोडायचा श्वास लांबवावा. स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करावी. समोरच्या ट्रकमागे लिहिलेलं मोठ्यानं वाचलं तरी चालतं. त्या साहित्याची आपल्याकडे वाण नाही.

पण आमच्या या गृहस्थाचं खरं नुकसान अटॅकपेक्षा पुढच्या तीन महिन्यांत झालं. आधी त्याने द्रुतगती मार्ग सोडून जुना रस्ता धरला. मग गाडी सोडून ट्रेन. मग दुसरा कुणी चालवत असला, तरी गाडीत बसेना. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू समजतो की टाळलं म्हणूनच वाचलो. गोम इथंच आहे. मित्राने दिलेली ‘टेन्शनची गोळी’ घेऊनही तो एकदा निघाला होता. अल्प्राझोलामसारख्या या गोळ्यांनी गुंगी येते, सवयही लागते. त्या घेऊन गाडी चालवणं धोक्याचंच.

मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला रोजची एक गोळी सुरू केली. ही सवय लावणारी नव्हे, पण गुण यायला काही आठवडे लागतात. खरं औषध होतं ते उलट्या प्रवासाचं. आधी बायको चालवणार, हा शेजारी. मग रविवारी सकाळी, रहदारी कमी असताना, हा चालवणार आणि ती शेजारी. बोगदा ओलांडून पुढच्या फाट्याला बाहेर पडायचं आणि परत. धडधड झाली तरी मागे फिरायचं नाही. असे पाच-सहा रविवार गेले. (ज्यांना तज्ज्ञ जवळ नाहीत, त्यांच्यासाठी ‘टेलिमानस’ची 14416 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.)

परवा दोघं ओपीडीत आले होते. बोगद्यात अजून कधीकधी धडधडतं म्हणाला. मग तो मोठ्यानं गाणं म्हणतो. ‘तेवढं औषधानं कमी होईल का?’ बायकोनं विचारलं. गाण्याबद्दल विचारत होती ती.